रीताच्या दोन गोळ्या

१२ डिसेंबर

टीबीच्या दवाखान्यातला सुरेंद्र आज गोळ्या घेऊन आला. आमच्या सुनेच्या, रीताच्या बेडक्यात टीबी निंगाला. सहा महिने गोळ्या. रोज सकारी उपाशी पोटी तीन, एका दमात. अन् गिळताना कोनीतरी समोर पायजे. सुरेंद्र म्हने, "इतवारीभाऊ, हे काम तुमीच करा. मच्छी संस्थेचे सेक्रेटरी होते तुमी, कवा एक कागद चुकला नाई." मी म्हनलं, आन इकडं.

ही वही त्यानंच देल्ली. गोळी खाल्ली का रोज एक खूण कराची. एका खुनेसाठी अख्खी वही. पानं वाया कायले जाऊ द्याचे, म्हनून लिहून राह्यलो. सातवीपर्यंत शिकलो. जसं येते तसं लिहीन.

त्यानं कागद भरला. वय सव्वीस, वजन एकोनचाळीस किलो. साखर हाय का, फिट येते का. मंग इचारलं, "आनखी कोनत्या गोळ्या चालू हायेत का?" रीता कवाडाच्या मांगं, डोक्यावर पदर. लगनाले सात वर्सं झाले, पन माह्यासमोर ती बोलत नाई. आमच्यात सून सासऱ्यासमोर बोलत नाई. काई लागलं तं माही नातीन आचल, तिच्या तोंडून सांगते. माही बायको वच्छला मच्छी घेऊन बजारात गेलती. मंग मीच सांगतलं, "नाई. काईच नाई."

सुरेंद्र कवाडाकडं पाहून म्हने, "ताई, नाई ना?"

कवाडामांगून आवाज नाई. मी म्हनलं, "लिही ना नाई म्हनून. अजून किती घरं कराचे हायेत तुले." त्यानं लिहिलं.

१४ डिसेंबर

घरात गोंधळ. रीताले लघवी लाल झाली म्हने. वच्छला घाबरली. सुरेंद्रनं सांगतलंच होतं, यातली एक गोळी लघवीले रंग देते, काई होत नाई. मीच सांगाचं इसरलो. बायका लयच घाबरतेत.

१५, १६, १७ खूण केली. लिवासारखं काई नाई.

२ जानेवारी

तांदळाच्या कोठीत हात घातला तं गोळ्याचं पाकीट लागलं. बारीक बारीक गोळ्या, पांढऱ्या अन् काई काळपट, रांगेनं. निम्म्या खाल्लेल्या. मी वच्छलाले आवाज देल्ला. म्हनलं हे काय, सुनेले टीबीच्या गोळ्या मी चारून राह्यलो अन् ही चोरून भलतंच खाते.

वच्छलानं झपकन पाकीट हिसकलं. "तुमाले काई समजते का? पोर नोको म्हनून खाते ती. ठेवा तिथी."

मंग सांगतलं. दोन वर्साआधी रीताचं दुसरं बाळंतपन झालं, पोट फाडून. पोरगा होता, मेलेला. तवा तिचं रक्त थांबत नोतं, चंद्रपूरले पाच बाटल्या लागल्या. डॉक्टरनं सांगतलं का आनखी पोट राह्यलं तं बाई वाचनार नाई. पोरं बंद कराचं आपरेशन कराचं होतं, पन अंगात रक्तच नाई, म्हने आधी रक्त वाढवा. ते वाढत नोतं. मंग खोकला लागला, आता टीबी. तवापासून ह्या गोळ्या खाते. हे सगळं माह्या घरात, अन् मलेच माईत नाई. मले फक्त 'आपरेशन पुढं ढकललं' एवढं माईत.

म्हनलं, आपल्या गावची आशाबाई गोकुळा हाय ना, तिच्याकडून आनता का? वच्छला म्हने, "गोकुळा झिंगूची बायको हाय. तिले सांगतलेली गोष्ट झिंगूच्या तोंडून चूल पेटाच्या आधी तलावावर जाते. रीताच्या माहेरच्या आशाबाईनं दिवाळीले सहा पाकिटं देल्ली, तेच पुरवून राह्यलो."

बरं म्हनलं. बायकाईचं बायका पाहतेत.

२० जानेवारी

सुरेंद्र आला. रीताचं वजन दीड किलोनं वाढलं. खुश झाला. "भाऊ, तुमच्यासारखा मानूस पायजे. बाकीचे लोक आठ दिवसात कंटाळतेत." वही पाह्यली, एक खूण चुकली नाई. मले बरं वाटलं, लपवत नाई.

मंग फटफटीवर बसता बसता इचारलं, "दुसरं काई औषध नाई ना चालू?"

आता मले माईत होतं. माईत असून म्हनलं, "नाई." सांगू कसं? सुरेंद्र पंचवीस-सव्वीसचा, आमच्यातलाच, त्याचा बाप माह्यासंग डोंग्यावर मच्छी माराले होता. त्याच्यासमोर सुनेच्या त्या गोळीची गोष्ट मी आंगनात उभा राहून काढू? अन् ते काई औषध थोडीच हाय. औषध म्हनजे बिमारीचं. ती तं पोर नोको म्हनून खाते.

उद्या सकारी माहा पोरगा धनराज तेलंगनात मिरच्या तोडाले जाते, टोळीसंग. होळीच्या मांगून येईन.

११ फेब्रुवारी

दोन महिने झाले. बेडका तपासला, साफ. सुरेंद्रनं नवं पाकीट देल्लं, आता चार महिने हे. मी वच्छलाले म्हनलं, पाहा, नेमानं चाललं का असं होते.

रीताले आज गोळी खाल्ल्यावर ओकारी आली. चालते.

१९ फेब्रुवारी

ओकारी रोजचीच. मी म्हनलं गोळी बाहेर तं पडली नाई ना, पाहाले गेलो आंगनात. वच्छला वरडली, "आता तिच्या ओकारीतबी पाहान का तुमी?" गोळी अर्ध्या घंट्यानं ओकली तं पुन्हा द्या लागते का नाई, हे सुरेंद्रले इचारा लागन. मले गोळीचं पडलं होतं.

२६ फेब्रुवारी

जेवत नाई. भाताचा वास आला का तोंडावर पदर घेते. दोघी सासू-सून मांगच्या आंगनात बसून कुजबुज करतेत, मी गेलो का गप. वच्छलाचे डोळे लाल. इचारलं तं म्हने कांदा कापला. घरात कांदा नाई चार दिवसापासून.

माह्या गोळ्याईनं ही हालत झाली असन तं एवढं काऊन रडाचं, सरळ सांगाचं. मी सुरेंद्रले फोन लावला, ओकारी होते म्हनून. तो म्हने, "भाऊ, ताईले एकदा दवाखान्यात दाखवून द्या." मी म्हनलं, दोन दिवस पाहू. उगाच कायले धावाचं.

४ मार्च

वच्छलानं आज सांगतलं. रीताचे दिवस गेले हायेत.

मंग जे बोललो ते नोतं बोलाचं. कवाडाजवळ जाऊन जोरानं म्हनलं, "गोळ्या चुकवल्या असन. रोज माह्यासमोर टीबीच्या खाते म्हनून चुकत नाई, अन् आपल्याच जिवाच्या गोळ्या चुकवते. जीव द्याचा होता तं आमाले सांगाचं होतं."

थोड्या येळानं आचल बाहेर आली, पाच वर्साची पोट्टी, हातात तीन रिकामी पाकिटं अन् एक अर्धं. माह्या पायापाशी ठेवले. म्हने, "आई म्हनते आजोबा मोजा."

मोजले. खाटेवर बसून एक एक खाना बोटानं दाबून पाह्यला. डिसेंबरपासूनच्या तारखा काढून, या वहीशी लावून मोजले. एकबी चुकली नाई. जशा माह्या खुना, तशीच तिची रांग.

मंग कसं झालं?

५ मार्च

गोकुळाले बोलावलं. लाज ठेवून चालनार नोतं. वच्छला तिच्यासंग बोलत नोती, मीच बोललो. गोकुळानं पाकीट हातात घेतलं, मंग टीबीचं पाकीट मांगतलं. दोन्ही मांडीवर ठेवून बसली.

मंग म्हने, "इतवारीभाऊ, मी झिंगूची बायको हावो, पन मी आशाबाई बी हावो ना. मले एक शब्द सांगतला असता तं मी डिसेंबरातच हे पाकीट फेकून देल्लं असतं. तीन महिन्याची सुई असते, तिले टीबीच्या गोळीचा फरक पडत नाई. ही गोळी टीबीच्या औषधासंग चालत नाई. आमाले टरेनिंगात सांगतलं हाय."

"चालत नाई म्हनजे?"

"कमजोर होते. खाल्ली न खाल्ली सारखीच."

वच्छला पदर तोंडात घालून बसली. रीता कवाडामांगं होती का आत झोपली होती, माईत नाई.

७ मार्च

गोकुळा, वच्छला, रीता अन् मी चिमूरच्या दवाखान्यात. डॉक्टरीनबाई तरुन, पन बोलनं चोख. सोनोगिराफी केली. नऊ हप्ते. रक्त तपासलं तं साडेपाच. बारा पायजे म्हने.

मी इचारलं, "मॅडम, तिनं तापाच्या बी गोळ्या खाल्ल्या होत्या दसऱ्याले. खोकल्याचं औषध बी पेलं. त्यानं झालं का?" मले वाटत होतं, ती व्हय म्हनन तं बरं.

डॉक्टरीन म्हने, "नाही आजोबा. तापाची गोळी, खोकल्याचं औषध, नेहमीची इन्फेक्शनची औषधं, यांनी काही होत नाही. लोकांना उगाच भीती असते. टीबीच्या औषधात ती एक आहे ना, लघवी लाल करणारी, तिच्यामुळे होतं. पाळणा लांबवायच्या गोळीतलं औषध शरीर फार लवकर संपवून टाकतं. गोळीच नाही, शहरात काही बायका अंगावर चिकटवायची पट्टी वापरतात, तिचंही तेच. फिटच्या काही औषधांनीही तसंच होतं. पण म्हणून टीबीचं औषध एक दिवसही बंद करायचं नाही. पाळणा लांबवायची पद्धत बदलायची असते."

मंग कागद पाहत म्हने, "औषध सुरू करताना विचारतात, दुसरं काही चालू आहे का म्हणून. तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं?"

गोकुळानं माह्याकडं पाह्यलं. मी म्हनलं, "इचारलं असन." एवढंच. चष्मा पुसत बसलो.

डॉक्टरीन म्हने, पोट ठेवलं तं बाईच्या जिवाले धोका, पाडाचं म्हनलं तं एवढ्या कमी रक्तावर इथी हात लावता येत नाई. चंद्रपूरले न्या. लवकर न्या. जेवढे दिवस जातीन तेवढं अवघड.

बसमधी रीता खिडकीशी बसली होती. हात एवढे बारीक झाले का बांगडी कोपरापर्यंत जाईन. तीन महिने रोज सकारी मी तिच्या तोंडाकडं पाह्यलं. गोळी गेली का, एवढंच पाह्यलं.

८ मार्च

धनराजले फोन. मिरचीच्या वावरात होता, मांगं लोक तेलगूत बोलून राह्यले होते. सांगतलं. तो म्हने, "गोळ्या खात होती ना ती? मंग कसं झालं, बाबा?"

म्हनलं, टीबीच्या औषधानं त्या गोळीची ताकद मारली, असं डॉक्टरीन सांगते.

"डॉक्टर लोक काईबी सांगतेत. दुनिया गोळ्या खाते. मी इथी हावो अन् तिथी दिवस राह्यले."

"तू इथून वीस-एकवीस जानेवारीले गेला. हप्ते मोज."

"तुमीच मोजा," म्हने, अन् फोन ठेवला.

इथी मले सांगाचं होतं का तुही बायको चुकली नाई, मी चुकलो. तोंडात आलं होतं. त्यानं फोन ठेवला म्हनून नाई सांगतलं, असं मी सोताले सांगून राह्यलो. ते बी खोटंच. फोन पुन्हा लावता येते.

एक गोष्ट लिहून ठेवतो, कोनाले सांगनार नाई. काल बसमधी एकदा मनात आलं, पोरगा असन तं? रक्त-बिक्त चढवून नऊ महिने निभलं तं? मंग तिच्याकडं पाह्यलं अन् सोताचीच शरम वाटली.

१० मार्च

चंद्रपूर. मोठ्या दवाखान्यात भरती केलं. टीबी हाय म्हनून बाजूच्या खोलीत ठेवलं, बेडका साफ हाय तरीबी. इथल्या डॉक्टरीननं मले अन् वच्छलाले बाहेर काढलं. "मला हिच्याशी एकटीशी बोलायचंय."

मी म्हनलं, ती बोलत नाई, इचाराचं ते मले इचारा. डॉक्टरीननं मान वर केली. "आजोबा, बाहेर."

अर्धा घंटा. कवाड बंद. आतून रीताचा आवाज आला. सात वर्सं झाले, पन मले तिचा आवाज असा सलग ऐकू आला नोता. काय बोलते ते समजलं नाई, पन लय बोलली. वच्छला बाकावर रडली.

डॉक्टरीन बाहेर आली. पोट पाडाले सही कोनाची लागते म्हनलं, नवरा तेलंगनात हाय, मी करू का? म्हने, "तिची सही पुरते. तिने केली आहे. तिला जगायचंय. दोन वेळा म्हणाली." मंग म्हने, आधी तीन बाटल्या रक्त चढवा लागन. तिचा रक्तगट 'बी निगेटिव्ह'. रक्तपेढीत एकच हाय. गडचिरोलीलेबी इचारलं, नाई. "गावात कोणी आहे का? तपासायला माणसं आणा. जितकी आणाल तितकी."

मंगळवार, ११ मार्च

सकारची पहिली बस धरून गावात आलो. आज मोठं जाळं ओढाचा दिवस. मंगळवार अन् शुक्रवारी संस्थेचे बावीस घरं मिळून ओढतेत, म्हनून सगळे मानसं एका जागी भेटतेत. तलावाच्या पाळीवर, बांधावर, पोचलो तवा जाळं अर्धं आलं होतं.

मी म्हनलं, "रीताले तीन बाटल्या रक्त पायजे. अशक्ती हाय. कोन येते चंद्रपूरले?"

कोनी हाललं नाई. पान्यात उभ्यानं झिंगू म्हने, "भाऊ, अशक्तीले कोनी तीन बाटल्या मांगते का? सरकारी लोकाईले देऊ दे." दुसरा म्हने टीबीवाली हाय, आपलं रक्त घेतलं तं आपल्याले लागन. तिसरा हसला, "इतवारीभाऊ, सेक्रेटरी असताना आमची हजेरी घेत होते, आता आमचं रक्त घेतेत." लोक हसले. अजय नावाचा पोरगा मात्र हसला नाई, माह्याकडं पाहत होता.

चाळीस वर्सं या पाळीवर मी लोकाईले बोललो, कवा कोनी असं हसलं नाई.

मी चप्पल काढली अन् गुडघाभर पान्यात उतरलो. जाळ्याची दोरी धरली, काऊन धरली माईत नाई, हाताले काईतरी पायजे होतं. म्हनलं, "तिचं पोट राह्यलं हाय. तिचा जीव जाईन असं डॉक्टरनं दोन वर्साआधीच सांगतलं होतं. ती पोर नोको म्हनून गोळ्या खात होती, एक बी चुकवली नाई, मी मोजल्या हायेत. टीबीच्या गोळीनं त्या गोळीले मारलं. सुरेंद्रनं दोनदा इचारलं, दुसरी कोनती गोळी चालू हाय का. दोन्ही खेपा मी नाई म्हनलं. पहिल्या खेपी माईत नोतं. दुसऱ्या खेपी माईत होतं."

दोरी मी सोडली नाई.

"लाज वाटली," म्हनलं. "तुमची. हेच लोक ऐकतीन म्हनून. आता तुमीच ऐकून राह्यले."

झिंगूनं दोरी सोडली. मले वाटलं जाते. तो पाळीवर चढला, टावेलानं पाय पुसले. म्हने, "गट कोनता?" मंग लोकाईकडं पाहून, "चला रे. मच्छी काई पळत नाई." मले मात्र म्हने, "भाऊ, माही भासी फिटीच्या गोळ्या खाते. अन् पोर नोको म्हनून ती गोळी बी खाते, गोकुळानंच देल्ली. तिचं कसं?" 

गोकुळा पाळीवर उभी होती, कवा आली माईत नाई. म्हने, "तिले फिटीच्या गोळ्या चालू हायेत हे मले सांगतलं नोतं कोनी. आजच जातो तिच्याकडं."

चौदा जन आले. झिंगूची लेक दिव्यानी कालेजात असते, तीबी आली. बसमधी अख्खी मांगची बाजू आमचीच.

१२ मार्च

चौदातून दोन निंगाले, अजय अन् दिव्यानी. दिव्यानीचं वजन कमी म्हनून तिचं घेतलं नाई, तिथीच रडली. अजयची एक. पेढीतली एक. दोन झाल्या. तिसरी नाई.

रक्तपेढीतला बाबू फोनवर फोन लावून राह्यला. भद्रावतीच्या कारखान्याच्या कालनीतला कोनी मानूस हाय म्हने, तो देते कवा कवा. फोन उचलत नाई. मी बाबूच्या टेबलासमोरून हाललो नाई. तो म्हने, आजोबा बसा. मी म्हनलं, तू लाव. दुपारी फोन लागला. तो मानूस चार वाजता डबा हातात घेऊन आला, ड्युटी सुटल्यावर. नाव इचारलं, सांगतलं बी त्यानं, मले आता आठवत नाई. पाया पडाले गेलो तं मांगं सरला.

१५ मार्च

आज सकारी रीताले पोट पाडाले आत नेलं. दहा-पंधरा मिनिटाचं काम म्हनले. घंटा झाला. दोन घंटे झाले. नर्स धावत बाहेर आली, काचेच्या बाटल्या घेऊन आत. वच्छलानं तिचा हात धरला, तिनं सोडवला.

मंग डॉक्टरीन कवाडात आली, हातात मोजे. "रक्त जास्त जातंय. थांबवायचा प्रयत्न करतोय. आणखी एक बाटली लागेल." कुठून आनू म्हनलं. ती आत गेली.

मी रक्तपेढीत पळालो. माह्या वयाले पळता येते हे मले माईत नोतं. बाबू म्हने नाई. मी दिव्यानीले फोन लावला, कालेजातलं कोनी भेटते का इचाराले. ती म्हने मी आत्ता निंगतो. म्हनलं, तुहं घेत नाई ते. ती म्हने, "खोटं सांगन वजन. खिशात गोटे घालन." गोकुळा मांगून वरडली तिच्यावर.

तेवढ्यात बाबूले नागपूरवरून फोन आला, एक बाटली हाय, गाडीनं पाठवतो, तीन घंटे. तीन घंटे. मी जिन्यावर बसलो. वच्छला म्हने, "तुमच्या वहीत लिहा. रोज लिहता ना. हेबी लिहा." तवा लिहलं नाई मी. हे आता लिहून राह्यलो.

देवाले काई मांगतलं नाई. कोनत्या तोंडानं मांगू.

दोनच्या मांगून डॉक्टरीन आली, म्हने थांबलं. थांबलंय आता, पन चोवीस घंटे काई सांगता येत नाई. बाटली साडेतीनले आली.

१६ मार्च

काई नाई. जिवंत हाय. टीबीची गोळी नर्सनं चारली.

१७ मार्च

रीतानं डोळे उघडले तवा वच्छला तिथी होती. मी कवाडात. तिनं पाह्यलं, पदर शोधाले हात डोक्याकडं गेला. उचलला नाई गेला. मी बाहेर आलो.

२५ मार्च

घरी आनून चार दिवस झाले. रक्त आठ. ती तीन महिन्याची सुई घेतली तिनं, तिथीच, दवाखान्यात.

धनराज काल सांजी आला. बॅग ठेवली, पानी नाई पेलं. सरळ खाटेपाशी. रीता पडून होती. "किती चुकवल्या?" म्हने. "खरं सांग."

तिनं भिताडाकडं तोंड केलं.

मी पाटावर होतो. म्हनलं, "धनराज, इकडं पाह्य. तिले इचारू नोको. एक बी चुकवली नाई. सुरेंद्रनं मले दोनदा इचारलं, दुसरं औषध हाय का. मले माईत असून मी नाई म्हनलं. म्हनून हे झालं. जाळ्यावर अख्ख्या संस्थेसमोर सांगतलं मी, तुलेच सांगतलं नोतं. तू फोनवर तिच्याबद्दल वाकडं बोलला तवा मी ऐकून घेतलं."

धनराज माह्याकडं पाहत उभा राह्यला. मले वाटलं आता काई म्हनन, मारन बी. मारलं असतं तं बरं झालं असतं. तो आंगनात जाऊन बसला, आचल त्याच्या मांडीवर जाऊन बसली तरी उठला नाई.

२६ मार्च

आज सकारी नेहमीसारखं पाकीट अन् पान्याचा गिलास घेऊन कवाडापाशी गेलो. धनराज अजून आंगनातच झोपला होता. रीता उठून बसली होती, भिताडाले टेकून. डोक्यावर पदर नोता.

म्हने, "मामाजी, पाकीट इथी ठेवा. आता माह्या गोळ्या मीच ठेवतो."

सरळ माह्याकडं पाहून. आवाज बारीक, पन थरथर नाई. मी म्हनलं, सुरेंद्रले सांगा लागन, नियम हाय, कोनी समोर पायजे. ती म्हने, "सुरेंद्रभाऊ आले का मी बोलतो त्याईच्याशी. काय इचाराचं ते मले इचारतीन."

मी पाकीट तिच्या हातात देल्लं. जूनपर्यंतच्या गोळ्या हायेत त्यात. ती उठली, भिताडाले धरून आत गेली, कवाड लोटलं. मडक्यातून पानी काढल्याचा आवाज आला. मी बाहेर उभा होतो. खाल्ली असन.